गोटी, पटकी आणि पाणी

जपानमध्ये उन्हाळ्यात कुठल्याही देवळाच्या जत्रेला गेलात, तर बर्फाच्या पाण्याने भरलेल्या टबात हिरवट-निळ्या बाटल्या बुडवून ठेवलेल्या दिसतील. मान चिमटीत दाबल्यासारखी आणि तोंडाशी काचेची गोटी. गोटी आत ढकलली की फस्स आवाज होतो, फेस वर येतो आणि पोरं ओरडतात. या पेयाचं नाव रामुने. पहिल्यांदा पाहणारा मराठी माणूस हमखास म्हणतो, ‘अरे, हा तर आपला गोटी सोडा!’

बरोबर आहे. दोन्ही बाटल्यांचा बाप एकच. हायरम कॉड या इंग्रज अभियंत्याने १८७२ साली लंडनमध्ये तिचं पेटंट घेतलं. बाटली उलटी धरून दाबाखाली भरायची. भरली की आतल्या वायूच्या जोराने गोटी तोंडातल्या रबरी कड्यावर घट्ट बसते. बूच नको, तार नको. मानेतल्या दोन खळग्या ओतताना गोटीला अडवून धरतात. बाटली तिरकी करताना खळग्या खालच्या अंगाला ठेवा, म्हणजे गोटी तोंडाशी येऊन धार बंद करणार नाही.

या बाटलीचा एक गुण मात्र सहसा सांगितला जात नाही. ती खोटं बोलू शकत नाही. वायू निघून गेला की गोटी खाली पडते, आणि रिकामी बाटली गटारापाशी बसून कुणालाही परत भरता येत नाही. त्याला यंत्रच लागतं. ‘हे पाणी कारखान्यात भरल्यापासून कुणी उघडलेलं नाही’ याची खूण म्हणजे ती गोटी. एकोणिसाव्या शतकात या खुणेला किती किंमत होती, हे समजायला आधी पटकीकडे वळावं लागेल.

एकच लाट, दोन किनारे

१८१७ साली बंगालमध्ये जेस्सोरच्या आसपास पटकीची मोठी साथ सुरू झाली. सैन्याच्या, यात्रेकरूंच्या आणि व्यापाऱ्यांच्या पायांनी ती पुढच्याच वर्षी दख्खनमध्ये आणि मुंबईत पोचली. ज्या वर्षी पेशवाई बुडाली, त्याच वर्षी गावोगाव माणसं मरत होती. पुढे हीच लाट समुद्रमार्गाने पूर्वेकडे सरकली आणि १८२२ मध्ये पश्चिम जपानला पोचली. जपानी लोकांनी या रोगाला ‘कोरोरी’ म्हटलं. ‘कॉलरा’ची ती नक्कल तर होतीच, शिवाय ‘पटकन कोसळणं’ असाही अर्थ त्या आवाजात होता. आपल्याकडची जरीमरी, मरीआईची देवळं आणि तिकडचा हा शब्द, दोन्हींमागे एकच भीती आहे.

जपानमधली दुसरी मोठी साथ १८५८ ची. नागासाकीत ती ‘मिसिसिपी’ या अमेरिकी जहाजातून आली. १८५३ साली कमोडोर पेरी जपानचे दरवाजे उघडायला जी चार जहाजं घेऊन आला, त्यांतलंच हे एक. जपानमध्ये एक लाडकी आख्यायिका आहे. पेरीने शोगुनच्या अधिकाऱ्यांना लेमोनेड पाजायला बाटली उघडली. बुचाचा आवाज ऐकून त्यांना बंदूकच उडाल्यासारखी वाटली आणि त्यांचे हात तलवारींवर गेले. गोष्ट रंगवलेली असेल. पण लेमोनेड आणि पटकी एकाच ताफ्याशी जोडली जावीत, हे मला कुठल्याही आख्यायिकेपेक्षा बोलकं वाटतं. ‘लेमोनेड’ जपानी तोंडात घोळत घोळत ‘रामुने’ झालं.

१८८४

आता एका वर्षावर थांबू या. १८८४ च्या फेब्रुवारीत रॉबर्ट कॉखने कोलकात्याहून कळवलं की पटकीला स्वल्पविरामासारखा वाकडा एक जंतू कारणीभूत आहे. त्याच वर्षी कोबे बंदरातल्या परदेशी वसाहतीत अलेक्झांडर कॅमेरॉन सिम या स्कॉटिश औषधविक्याने रामुने विकायला सुरुवात केली, असं मानलं जातं. त्याचं दुकान वसाहतीच्या अठरा नंबरच्या जागेवर होतं, म्हणून त्याच्या पेयाला लोक ‘अठरा नंबर’ म्हणत. कोबेपासून जवळच्याच हिरानो गावच्या झऱ्याचं बुडबुड्यांचं पाणी बाटल्यांतून विकायला लागले तेही १८८४ मध्येच. पुढे त्यातूनच ‘मित्सुया सायडर’ हे जपानचं घराघरातलं पेय झालं. आणि पुण्याच्या लष्कर भागातल्या अर्देशीर अँड सन्स या इराणी कुटुंबाच्या सोडा-कारखान्याचं स्थापनेचं सालही १८८४.

हा निव्वळ योगायोग, असं तुम्ही म्हणाल. साल एकच असणं हा योगायोग खराच. पण बंदर आणि छावणी या दोन जागी, औषधविके आणि पारशी-इराणी दुकानदार यांच्या हातून, एकाच काळात बुडबुड्यांचा धंदा उभा राहणं हा योगायोग नाही. गोऱ्या पलटणी आणि परदेशी व्यापारी जिथे होते, तिथे विहिरीच्या पाण्याची भीतीही होती. मुंबईत पालनजीचा कारखाना १८६५ पासून होता आणि १८८९ मध्ये दिनशाजी पांडोळेंनी ‘ड्यूक्स’ सुरू केलं. त्यांच्या बाटलीत चव होतीच. पण आधी होती ती खात्री.

जपानमध्ये १८७९ आणि १८८६ या दोन वर्षांत पटकीने प्रत्येकी लाखाहून जास्त माणसं मेली. १८८६ च्या साथीत वायुयुक्त पेय प्यायल्याने पटकी टळते, असा मजकूर वर्तमानपत्रात आला आणि रामुनेचा खप एकदम वाढला. ही जाहिरातबाजी होती का? अर्धी. पटकीचा जंतू आम्लात तग धरत नाही. कार्बन डायऑक्साइड विरघळलेलं पाणी सौम्य आम्लधर्मी होतं आणि त्यात लिंबाचं किंवा टार्टारिक आम्ल पडलं की आणखीच. म्हणजे कारण न कळताही लोकांनी बऱ्यापैकी शहाणपणाची निवड केली होती. उरलेलं अर्धं सत्य असं, की ही निवड ज्याच्या खिशात पैसे होते त्यालाच करता येत होती.

पाणी कुणाच्या हातचं?

महाराष्ट्रात मात्र पाण्याला आणखी एक भीती चिकटलेली होती, आणि तिचा जंतूंशी संबंध नव्हता. कुणाच्या हातचं पाणी प्यायचं, हा धर्माचा प्रश्न होता. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून केवढा गहजब झाला, टिळक-रानड्यांसारख्यांवरही प्रायश्चित्ताची पाळी कशी आली, हे तुम्ही शाळेत वाचलं असेल. पण त्याच काळात पारशाच्या किंवा मुसलमानाच्या कारखान्यातलं सोडावॉटर पुष्कळ सोवळ्या घरांतही ‘औषध’ म्हणून चालून जात असे. पेल्यातलं पाणी बाटवतं आणि बाटलीतलं बाटवत नाही! यंत्राने भरलं, गोटीने बंद केलं, म्हणजे जणू कुणाचा हात लागलाच नाही. गोटी रोग अडवत होती, तशी सोयीने विटाळही.

ही पळवाट पैसेवाल्या सवर्णांसाठी होती. ज्यांना सार्वजनिक तळ्यालाच हात लावू देत नव्हते, त्यांना बाटलीचा काय उपयोग? २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेऊन प्यायले. मागणी सार्वजनिक पाण्याची होती, सीलबंद पाण्याची नव्हती. या दोन गोष्टींतला फरक लक्षात ठेवा, कारण रामुनेचा शेवटही त्याच फरकात आहे.

नळ आला, रामुने खेळणं झालं

जपानमध्ये आधुनिक नळपाणी पहिल्यांदा योकोहामाला आलं, १८८७ मध्ये. कोबेला १९०० मध्ये. सिम त्याच वर्षी वारला. तो काही निव्वळ दुकानदार नव्हता. वसाहतीच्या आगीच्या बंबाचं काम तो पाहायचा. १८९१ चा नोबीचा भूकंप आणि १८९६ ची सान्रिकूची त्सुनामी, दोन्ही वेळा मदत घेऊन तो धावला. कोबेत महापालिकेजवळच्या बागेत त्याचं स्मारक आहे. पण शहराला पटकीतून सोडवलं ते त्याच्या रामुनेने नव्हे. ते काम नळाने, गटारांनी आणि लशीने केलं.

पाण्यावरची भीती ओसरली आणि रामुने मोकळं झालं. औषधाचं खेळणं झालं. ओसाकाच्या काचकारखान्यांनी बाटल्या देशातच बनवायला घेतल्या, त्यामुळे ते स्वस्त झालं. गोटीला जपानी मुलं ‘बीदामा’ म्हणतात. यातलं ‘बी’ हे ‘बीदोरो’चं, म्हणजे काचेसाठीच्या ‘विद्रो’ या पोर्तुगीज शब्दाचं, असं सर्वसाधारण मत आहे. आपला ‘पाव’ आणि जपानी ‘पान’ ज्या पोर्तुगीजांनी दिला, त्यांच्याच पदरचा हाही शब्द. दुसऱ्या महायुद्धात ‘यामातो’ या युद्धनौकेवरसुद्धा खलाशांसाठी रामुने तयार होत असे.

गोटीची बाटली धुवायला कठीण आणि बनवायला महाग. १८९२ मध्ये पत्र्याच्या दातेरी बुचाचं पेटंट निघालं तेव्हाच तिचे दिवस भरले होते. इंग्लंडमधून ती गेली. जपानमध्ये टिकली त्यामागे कायदाही आहे. १९७७ मध्ये लहान उद्योगांची क्षेत्रं सांभाळणारा कायदा झाला आणि रामुने छोट्या-मध्यम कारखान्यांकडेच राहिलं. मोठ्या कंपन्या तोच गोड, आंबट, बुडबुड्यांचा ऐवज ‘सायडर’ म्हणून विकतात. रामुने म्हणायचं तर गोटीची बाटली हवी. गंमत म्हणजे आपल्याकडेही कोकाकोलाने गाशा गुंडाळला तो १९७७ मध्येच, जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना. पण त्या मोकळ्या जागेत गोटी सोड्याचा उद्धार झाला नाही. त्याची आठवण उरली ती लिंबू-सोड्याच्या गाडीवर, आणि दंगलीच्या बातम्यांतल्या ‘दगड आणि सोडावॉटरच्या बाटल्या’ या जोडगोळीत.

घरी करायचं तर

आता प्रत्यक्ष पेय. जूनमध्ये जपानी पावसाळा लागतो. त्याच्या नावातच ‘उमे’ या फळाचं चित्राक्षर आहे, कारण ही आंबट, जर्दाळूच्या कुळातली फळं तेव्हा बाजारात येतात. रीत अगदी कोकणातली वाटेल. रातांब्याच्या वाट्यांत साखर भरून बरणी उन्हात ठेवतात आणि आपोआप सुटलेल्या रसाचं अमृतकोकम होतं. इथे तेच उमेचं करतात, फक्त ऊन नको. एक किलो हिरवी उमे धुऊन कोरडी पुसा, देठाची काळी टिकली टूथपिकने काढा आणि रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. गोठल्याने पेशी फुटतात, रस लवकर सुटतो. मग उकळत्या पाण्याने धुऊन वाळवलेल्या काचेच्या बरणीत एक थर उमे, एक थर खडीसाखर असं एक किलो साखर संपेपर्यंत भरा. रोज बरणी हलवा. दहा-बारा दिवसांत साखर विरघळून पाक तयार होतो. फेस येऊ लागला तर पाक गाळून मंद उकळी द्या; आंबू देऊ नका. कच्चं हिरवं उमे मात्र तसंच खायचं नाही, ते विषारी ठरू शकतं.

एक भाग पाक, चार भाग सोडा. सोडा शेवटी, ग्लासच्या कडेने. सगळं आधीच थंडगार हवं: शून्य अंशाला एक लिटर पाणी साधारण १.७ लिटर वायू धरून ठेवतं, वीस अंशाला जेमतेम त्याच्या निम्मं. काळं मीठ किंवा जिरेपूड हवी असेल तर ती आधी पाकात विरघळवा. सोड्यात वरून टाकलीत तर प्रत्येक कणाभोवती बुडबुडे जमतात आणि अर्धा ग्लास टेबलावर येतो. कोकमाचं आगळ असेल तर तेही याच रीतीने. फक्त ते खारट असतं, म्हणून साखर वेगळी घाला आणि मीठ विसरा.

आता मुद्द्याची गोष्ट. टोकियोत किंवा कोबेत या पेयासाठी बर्फ तुम्ही नळाच्या पाण्याचा करता आणि त्याचा विचारही करत नाही. मुंबई-पुण्यात सरबताच्या गाडीपुढे उभे राहिलात की तोंडातून पहिला प्रश्न येतो: बर्फ कुठला आहे? मुलांना आपण सांगतो, बाहेरचं पाणी नको, बाटलीचं घे. हा प्रश्न उगाच आलेला नाही. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात गिलन-बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढले, तेव्हा सगळ्यांचे डोळे आधी पाण्याकडेच वळले. म्हणजे १८८४ ची भीती आपल्याकडे अजून संपलेली नाही. तिने गोटीऐवजी प्लास्टिकचं बूच लावलंय, एवढंच.

रामुनेचा इतिहास मला म्हणूनच निव्वळ गोड वाटत नाही. सीलबंद बाटलीने काही माणसांना काही काळ वाचवलं. सगळ्यांना वाचवलं ते नळाने, आणि नळ आल्यावरच बाटलीला निव्वळ मजेची वस्तू होता आलं. आपल्या गावच्या जत्रेत पोराने नळाला तोंड लावलं तरी आई ओरडणार नाही, त्या दिवशी आपला गोटी सोडाही निव्वळ मजेचा होईल.