डिफरन्शिअल कव्हर, पिकअप ट्रकचे : बदल व बसवणी

मागच्या ॲक्सलच्या मध्यावर फुगलेल्या भागात क्राऊन व्हील, पिनियन आणि डिफरन्शिअलचे छोटे गिअर असतात. या फुगीर भागाला, म्हणजे हाउसिंगला, मागून बोल्टांनी बसवलेले झाकण म्हणजे डिफरन्शिअल कव्हर. कारखान्यातून ते बहुधा दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्याचे येते. अमेरिकेत पिकअपचे अनेक मालक ते काढून ओतीव ॲल्युमिनियमचे, बिडाचे किंवा जाड पोलादी पाटीचे कव्हर लावतात. बाजारात मिळणाऱ्या सुट्या भागांपैकी हा एक सोपा बदल समजला जातो. काम सोपे आहे, पण कव्हरची निवड तितकी सोपी नाही.

प्रत्येक ॲक्सलला असे कव्हर नसते. फोर्डचा १९५७ ते १९८६ या काळातला प्रसिद्ध ९ इंची ॲक्सल मागून बंद असे आणि त्याचा सगळा गिअरसंच पुढच्या बाजूने बाहेर काढावा लागे. भारतातल्या बहुतेक मालट्रकांची रचनाही याच घडणीची आहे. विलीज वंशाच्या जुन्या महिंद्रा जीपच्या ॲक्सलला मात्र मागे कव्हर असते, त्यामुळे पुढे दिलेली पद्धत ‘नव्वद नंबर ऑइल’ बदलणाऱ्या आपल्याकडच्या मिस्त्रीलाही ओळखीची वाटेल. फोर्डने १९८३ पासून एफ-१५० पिकअपमध्ये ८.८ इंची ॲक्सल आणला आणि त्याला दहा बोल्टांचे मागील कव्हर दिले. क्राऊन व्हीलचा व्यास सुमारे २२४ मिमी, तेल अडीच लिटरच्या आसपास. तेल भरण्याचे भोक हाउसिंगच्या पुढच्या अंगाला, पण तेल सोडण्यासाठी प्लग बहुधा नसतोच. तेल बदलायचे तर कव्हरच उघडावे लागते. ही नोंद मुख्यतः याच ॲक्सलला धरून आहे.

कव्हरचे काम समजण्यासाठी आत तेल कसे फिरते ते पाहावे लागते. गाडी पुढे जात असताना क्राऊन व्हीलचा खालचा भाग मागे सरकतो, मागचा भाग वर चढतो आणि वरचा भाग पुढे जातो. तळाच्या तेलात बुडालेले दात ते तेल कव्हरच्या आतल्या अंगाने वर नेतात आणि माथ्यावरून पुढे, पिनियन व त्याच्या बेअरिंगांकडे फेकतात. आत पंप नाही, क्राऊन व्हील हाच पंप. हायपॉइड गिअरमध्ये पिनियनचा अक्ष क्राऊन व्हीलच्या अक्षापेक्षा खाली असल्यामुळे दात लोळण्याबरोबरच एकमेकांवर मोठ्या दाबाखाली घासतातही. म्हणून त्यांना गंधक व फॉस्फरसची संयुगे असलेले जीएल-५ प्रतीचे तेल लागते, आणि ते सतत लागते.

कारखान्याच्या कव्हरचा गोलसर आकार या प्रवाहाला साजेसा असतो. बाजारातल्या कित्येक कव्हरांची पाठ मात्र आतून सपाट आणि खोल असते. दिसायला ती भक्कम, त्यात तेलही जास्त मावते. पण क्राऊन व्हीलने आणलेले तेल त्या सपाट भिंतीवर आदळून विखुरते, त्यात हवा मिसळते आणि पुढे पोहोचणारा प्रवाह क्षीण होतो. कॅलिफोर्नियातले इंजिनतज्ज्ञ गेल बँक्स यांनी कव्हरमधून आत पाहता येईल अशी मांडणी करून हे चित्रफितींतून दाखवले. त्यांची कंपनी स्वतः गोलाकार कव्हर विकते, हे वाचकाने ध्यानात ठेवावे. तरीही युक्तिवाद पटणारा आहे, कारण अनेक ॲक्सल-निर्मात्यांची मूळ कव्हरे त्याच आकाराला धरून असतात.

‘तेल जास्त, म्हणून ॲक्सल थंड’ हा दावाही तपासून घ्यावा. जादा तेल तापायला अधिक वेळ लागतो आणि झिजेची घाण अधिक तेलात वाटली जाते, एवढा फायदा खरा. मात्र जड ट्रेलर ओढत लांबचा घाट चढताना तापमान अखेर किती उष्णता बाहेर टाकली जाते त्यावर ठरते. ॲल्युमिनियम पोलादापेक्षा सुमारे तिपटीने चांगले उष्णतावाहक आहे आणि कव्हरवरच्या उभ्या पट्ट्यांमुळे (फिन) पृष्ठभागही वाढतो. पण कव्हर हाउसिंगच्या पाठीमागे, वाऱ्याच्या आडोशाला असते. हवा मुद्दाम तिकडे वळवली नाही तर या पट्ट्यांचा उपयोग मर्यादितच राहतो.

नव्या कव्हरची निःसंशय गरज खडकाळ वाटेवर असते. युटामधल्या मोआबला किंवा कॅलिफोर्नियातल्या रुबिकॉन वाटेवर पत्र्याचे कव्हर दगडावर आपटले, तर ते आत चेपून क्राऊन व्हीलला घासते किंवा त्याची कड उचलून तेल गळते. तिथे बिडाचे किंवा जाड पोलादी कव्हरच हवे. एरवी शहर आणि महामार्गावर धावणाऱ्या गाडीला खरा लाभ होतो तो ड्रेन प्लगचा आणि त्याच्या टोकाच्या लोहचुंबकाचा.

बसवणीत सगळ्यात आधी तेल भरण्याचा प्लग सैल होतो का ते पाहावे. तो गंजून अडकला असेल आणि तेल आधीच सोडले असेल, तर गाडी जागेवरून हलवता येत नाही. ८.८ ला यासाठी ३/८ इंची चौकोनी टोक लागते. थोडी चालवून तेल कोमट केलेली गाडी सपाट जागी, भक्कम जॅक-स्टँडवर घ्यावी. खालचे बोल्ट काढावेत आणि वरचे दोन अर्धवट सैल ठेवून कव्हर कडेने उचकटावे. म्हणजे तेल खालून पसरट भांड्यात उतरते आणि कव्हर अंगावर पडत नाही. जुन्या ॲक्सलवर एखाद्या बोल्टाखाली गिअर गुणोत्तराची धातूची पट्टी असते. ती जपून पुन्हा लावावी.

उघडल्यावर घाई करू नये. तळाशी करडा, लोण्यासारखा मऊ गाळ नेहमीचाच. धातूच्या कपच्या, तुटलेले टोक किंवा निळसर पडलेले दात दिसले तर कव्हरचा विचार सोडून गिअरकडे पाहावे. सांधा बंद करणारे जुने सिलिकॉन खरवडताना तुकडे आत पडू नयेत म्हणून गिअरवर फडके टाकावे. शेवटी हाउसिंगची कड ब्रेक क्लीनरने पुसून पूर्ण कोरडी करावी. गळती पुढे झालीच तर तिचे मूळ बहुधा या पुसण्यात सापडते.

सिलिकॉनची पाच-सहा मिमी जाडीची अखंड रेघ बोल्टांच्या भोकांच्या आतल्या बाजूने ओढून कव्हर लगेच बसवावे. रबर चढवलेले, पुन्हा वापरता येणारे गास्केट असल्यास सिलिकॉन लावू नये. जाड ओतीव कव्हरला मूळ बोल्ट आखूड पडतात, म्हणून सोबत आलेले बोल्ट आधी हाताने फिरवून आटे पुरेसे धरतात का आणि टोक तळाला टेकत नाही ना, हे पाहावे. ब्रेकची नळी, सुटे चाक आणि अँटी-रोल बार यांपासून अंतरही याच वेळी मोजावे. बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत आवळावेत. पत्र्याच्या मूळ कव्हरसाठी सुमारे ४५ न्यूटन-मीटर चालते, पण ॲल्युमिनियमसाठी कव्हरच्या निर्मात्याचा आकडाच प्रमाण.

तेल गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलेच घ्यावे. मागे ट्रॅक्शन-लॉक मर्यादित-घसरण डिफरन्शिअल असेल तर घर्षण सुधारक द्रव्यही घालावे, नाहीतर वळणावर त्याच्या आतले क्लच खडखडतात. पातळी नव्या कव्हरवरच्या भोकावरून ठरवू नये, हाउसिंगवरच्या मूळ भोकावरून ठरवावी. त्याहून वर भरलेले तेल ॲक्सलच्या टोकाच्या सीलमधून ब्रेकपर्यंत पोहोचू शकते. ॲक्सलमधली हवा बाहेर सोडणारा ब्रीदर बुजला असेल तर आतली तापलेली हवा दाब वाढवून तेच करते, म्हणून तोही मोकळा करावा.

सिलिकॉन पूर्ण घट्ट व्हायला साधारण एक दिवस लागतो. त्यानंतर थोडे अंतर चालवून कव्हरच्या खालच्या कडेवर बोट फिरवून पाहावे. सुकलेल्या सिलिकॉनवरचे बोल्ट पुन्हा आवळले तर सील फाटते. गळती असेल तर कव्हर उतरवून कड नव्याने साफ करावी लागते.