'क्लार्क' : एका इंग्रजी शब्दाचा उच्चार आणि अर्थ

इंग्रजी अमलाबरोबर मराठीत आलेला 'क्लार्क' हा शब्द इंग्लंडात 'क्लार्क' असा, तर अमेरिकेत 'क्लर्क' असा उच्चारला जातो. वर्णविन्यास मात्र दोन्हीकडे एकच आहे. या भेदाचे मूळ मध्ययुगाच्या उत्तरार्धातील एका ध्वनिपरिवर्तनात सापडते. चौदाव्या-पंधराव्या शतकांत इंग्रजीतील रकारापूर्वीचा ऱ्हस्व एकार आकाराकडे झुकला. 'फेर्म'चे 'फार्म', 'डेर्क'चे 'डार्क', 'स्टेर'चे 'स्टार' झाले, व बहुतेक ठिकाणी लेखनानेही उच्चाराचे अनुगमन केले. 'सार्जंट', 'डार्बी' (हे नगरनाम) व 'क्लार्क' अशा थोड्या शब्दांत मात्र जुने लेखन तसेच राहिले.

पुढे उलट ओढ सुरू झाली. 'मर्सी', 'सर्व्हंट' हे शब्द अनेकांच्या तोंडी 'मार्सी', 'सार्व्हंट' असे होते. अठराव्या शतकात कोश व शालेय शिक्षण यांचा प्रसार होताच लिहिलेले अक्षर बोललेल्या ध्वनीवर अधिकार गाजवू लागले. 'पर्सन' व 'पार्सन' ही एकाच शब्दाची दोन रूपे तर भिन्नार्थाने टिकली. अमेरिकेतील 'क्लर्क' हे सामान्यतः याच लिपिप्रभावाचे फळ मानले जाते. आडनाव म्हणून हाच शब्द आकारयुक्त वर्णविन्यासाने लिहितात. म्हणून अमेरिकन मनुष्यही तेथे 'क्लार्क' असेच म्हणतो.

अक्षरज्ञानाने ज्याचा उच्चार फिरविला, त्या शब्दाचा अर्थही अक्षरज्ञानानेच घडविला होता. ग्रीक 'क्लेरॉस' म्हणजे चिठ्ठी टाकून वाट्यास आलेला भाग. त्यावरून लॅटिन 'क्लेरिकुस' म्हणजे धर्मसेवेस वाहिलेला पुरुष. मध्ययुगीन युरोपात वाचणारा मनुष्य बहुधा याच वर्गातील असे; त्यामुळे 'क्लार्क' म्हणजे साक्षर, विद्वान, असा अर्थविस्तार झाला. चॉसरच्या 'कँटरबरी टेल्स'मधील ऑक्सफर्डचा क्लार्क हा ॲरिस्टॉटलच्या ग्रंथांचा ध्यास घेतलेला निर्धन विद्यार्थी आहे. त्याचा कचेरीशी काडीचाही संबंध नाही.

या अर्थविस्ताराचा सर्वांत विलक्षण परिणाम न्यायालयात दिसतो. धर्मसेवकावर राजाच्या न्यायालयाची सत्ता चालू नये, हा वाद दुसऱ्या हेन्रीच्या काळी कँटरबरीचा आर्चबिशप टॉमस बेकेट याच्या वधापर्यंत (११७०) गेला. पुढे धर्मसेवक ओळखावयाचा कसा, तर वाचनावरून, असा प्रघात पडला. मग वाचता येणारा कोणताही गृहस्थ कायद्यापुरता 'क्लार्क' ठरू लागला. परीक्षेस बहुधा एक्कावन्नावे स्तोत्र असे. ते पाठ करून ठेवणारे निरक्षरही असत, आणि लोकांनी त्यास 'मानेचा श्लोक' असे नाव दिले ते सार्थच म्हटले पाहिजे. १४८९ च्या कायद्याने दीक्षा न घेतलेल्यास ही सवलत एकदाच मिळू लागली व खूण म्हणून अंगठ्यावर डाग देण्यात येऊ लागला. नाटककार बेन जॉन्सन याने १५९८ मध्ये द्वंद्वयुद्धात एका नटास ठार केले. तो फाशीपासून वाचला तो असाच, अंगठ्यावर डाग घेऊन. वाचनाची अट १७०६ मध्ये सुटली, व सवलत इंग्लंडात १८२७ मध्ये रद्द झाली.

साक्षरता वाढली तशी शब्दाची प्रतिष्ठा ओसरली. नोंदी ठेवणारा, नकला करणारा तो क्लार्क. अमेरिकेत तर दुकानातील विक्रेताही क्लार्कच. तथापि हा अर्थापकर्ष सार्वत्रिक नव्हे. इंग्लंडच्या कॉमन्स सभेत १३६३ पासून चालत आलेले क्लार्कचे पद आजही त्या सभागृहाच्या सेवेतील सर्वोच्च पद आहे.

मराठीतील 'कारकून' हा फारसी शब्द. त्याचा धात्वर्थ केवळ 'काम करणारा' असा असून त्यात लेखन-वाचनाची सूचनाही नाही. मुंबईतील इंग्रजांनी मात्र कचेरीतील एतद्देशीय लेखनिकास तिसरेच नाव दिले होते. 'हॉब्सन-जॉब्सन' (१८८६) या कोशात ते 'पर्वो' असे नोंदले असून ते 'प्रभू' या ज्ञातिनामाचे रूप होय. धर्मसेवकांच्या वर्गाचे नाव जसे इंग्लंडात लेखनिकाचे झाले, तसेच येथे लेखणीवर निर्वाह करणाऱ्या एका ज्ञातीचे झाले.