खाऱ्या वाळूसाठी मेटल डिटेक्टर

फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या ‘ट्रेझर कोस्ट’ला हे नाव उगीच मिळालेले नाही. ३१ जुलै १७१५ च्या चक्रीवादळात स्पेनचा खजिनावाहू ताफा सेबॅस्टियन ते फोर्ट पिअर्स या पट्ट्यात फुटला, आणि मोठ्या वादळाने वाळू उपसली की तिथे आजही नाणी उघडी पडतात. किप वॅग्नर या बांधकाम कंत्राटदाराने लष्कराचा जुना सुरुंगशोधक वापरून वाचलेल्या खलाशांच्या तळाची जागा हुडकली. आता बाजारात यंत्रांची रेलचेल आहे, आणि गिऱ्हाईक आधी विचारते, ‘किती खोलवरचे दिसेल?’ यंत्र कोरड्या वाळूत चालवायचे, ओल्या वाळूत की पाण्याखाली, हे मात्र त्याआधी ठरवायला हवे.

कॉइलचे बदलते चुंबकीय क्षेत्र धातूत भोवरी प्रवाह निर्माण करते आणि त्या प्रवाहांचे क्षेत्र यंत्र टिपते. कोरड्या वाळूत एकाच वारंवारतेचे साधे यंत्र हे काम चोख करते. पण समुद्राच्या किलोभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. हे पाणी स्वतःच वीजवाहक आहे. लाट जिथवर येऊन परतते तिथे कॉइल फिरवली की धातू नसतानाही आवाज चढतो, पाणी ओसरले की पडतो. त्यात लोहयुक्त काळी वाळू असली, जशी रत्नागिरीच्या किनाऱ्यावर इल्मेनाइटची असते, तर अडचण दुप्पट. एकाच वारंवारतेच्या यंत्राला मीठ सांभाळता येते किंवा काळी वाळू. दोन्ही एकदम नाही.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, एकाच वेळी अनेक वारंवारता वापरणारे यंत्र. वारंवारता बदलली की मिठाचा प्रतिसाद एका प्रमाणात बदलतो, धातूचा दुसऱ्या. ही तफावत पकडून यंत्र मीठ वजा करते. याची किंमत मात्र मोजावी लागते. बारीक सोन्याचा प्रतिसाद मिठाच्या फार जवळचा असल्याने मिठाबरोबर तोही दबतो. नाजूक साखळीचे तर विचारूच नका: तिची प्रत्येक कडी यंत्राला सुटी, इवलीशी वस्तू वाटते, म्हणून जाड अंगठी सापडते त्या खोलीवर साखळी निसटते.

दुसरा उपाय पल्स इंडक्शनचा. यात कॉइलमध्ये विजेचा क्षणिक झटका सोडून काही मायक्रोसेकंद थांबतात, मग ऐकतात. खाऱ्या पाण्यातले प्रवाह तेवढ्यात विरतात, धातूतले अजून टिकलेले असतात. काळ्या वाळूचाही फारसा त्रास होत नाही. उणीव एकच, पण मोठी: लोखंड आणि सोने यांतला भेद हे यंत्र भरवशाने सांगत नाही. पर्यटकांच्या गर्दीच्या किनाऱ्यावर केसांच्या पिना आणि बाटल्यांची झाकणे उकरून माणूस मेटाकुटीला येतो. फुटलेल्या जहाजाच्या जागी मात्र हीच उणीव कामाची ठरते, कारण तिथे गंजलेला लोखंडी खिळाही पुरावा असतो. चांदीचे नाणे तीन शतके खाऱ्या पाण्यात राहिले की काळे पडून गोट्यासारखे दिसते. आसपासचे खिळे ऐकले नाहीत तर नेमके कुठे खणायचे ते कळत नाही.

पाण्याखाली आणखी काही गोष्टी पाहाव्या लागतात. मायनलॅब कंपनीचे इक्विनॉक्स ८०० तीन मीटर खोलीपर्यंत चालते. एक्सकॅलिबर २ आणि गॅरेटचे सी हंटर मार्क २ सुमारे ६० मीटरपर्यंत. खाऱ्या पाण्यात रेडिओलहरी लगेच शोषल्या जातात, त्यामुळे बिनतारी हेडफोन निरुपयोगी. तारेचेच, जलरोधक हवेत. कॉइल पाण्यात वर उसळणारी नको आणि फार मोठीही नको, नाहीतर पाणी कापताना खांदा भरून येतो.

ट्रेझर कोस्टवर समुद्रतळ आणि जहाजांचे अवशेष कायद्याने संरक्षित आहेत. परवान्याशिवाय तिथे शोध घेता येत नाही. हौशी माणसाला उरतो तो सार्वजनिक किनारा, तोही स्थानिक नियम पाहून. भारतात १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक मोलाचे गुप्तधन सापडले तर कलेक्टरला लेखी कळवावे लागते. हौशी माणसाचा शोध असा किनाऱ्यापुरताच उरत असल्याने पाणबुड्यांसाठीच्या ६० मीटरच्या यंत्रावर नवख्याने पैसे घालू नयेत. तीन मीटरपर्यंत जलरोधक, अनेक वारंवारतांचे, तारेच्या हेडफोनची सोय असलेले यंत्र त्याने घ्यावे.