म्हातारपण कुणाचं मोजायचं?

१९५८ साली अमेरिकेत बाल्टिमोर शहरात वार्धक्याचा एक दीर्घकालीन अभ्यास सुरू झाला. नेथन शॉक हे त्याचे कर्तेधर्ते. इस्पितळात किंवा वृद्धाश्रमात पडून असलेल्या आजारी माणसांवरून म्हातारपणाचे आडाखे बांधायचे, अशी तोवरची रीत होती. शॉक यांनी चालतीफिरती माणसं घेतली आणि त्यांनाच वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा तपासायचं ठरवलं. कल्पना उत्तम होती, पण इतकी वर्षं टिकून येणारी माणसं आणायची कुठून? विल्यम पीटर नावाचे एक निवृत्त सरकारी डॉक्टर स्वतःहून पुढे आले. त्यांनी मित्रांना आणलं आणि मित्रांनी त्यांच्या मित्रांना. यादी अशी ओळखीपाळखीतून वाढत गेली. साहजिकच तीत आली ती बहुतेक शिकलेली, खाऊनपिऊन सुखी, गोरी माणसं, आणि सगळे पुरुष. स्त्रियांना प्रवेश मिळायला १९७८ साल उजाडलं. १९८४ मध्ये अभ्यासाचा जाडजूड ग्रंथ निघाला. त्याचं नाव ‘नॉर्मल ह्यूमन एजिंग’. बाल्टिमोरची निम्म्याहून अधिक वस्ती तोवर कृष्णवर्णीय झालेली होती.

यामागे कुणाचा कट नव्हता. संशोधन ओळखीवर चालतं, एवढंच यातून दिसतं. ज्याला जे लोक ठाऊक, त्यांचंच म्हातारपण तो मोजतो, आणि मग तेच सगळ्यांचं म्हातारपण ठरतं. १९९७ साली अमेरिकी सरकारने अल्पसंख्याक समाजांच्या वार्धक्याचा अभ्यास करणारे संशोधक घडवण्यासाठी केंद्रं उभारली, ती ओळखीची ही साखळी मोडायला. ‘रिसोर्स सेंटर्स फॉर मायनॉरिटी एजिंग रिसर्च’ हे त्यांचं लांबलचक नाव, आणि ‘आरसीमार’ हा त्याचा संक्षेप. कागदावर हा सरकारी अनुदानाचा एक प्रकार आहे. त्याची कुळी मात्र पार एका विमा कंपनीच्या कचेरीपर्यंत जाते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रुडेन्शियल ही अमेरिकेतली बडी विमा कंपनी होती. १८८१ साली तिने ठरवलं की कृष्णवर्णीयांकडून हप्ता तेवढाच घ्यायचा, पण मृत्यूनंतर एकतृतीयांश रक्कम कमी द्यायची. या धोरणावर टीका झाली, त्याविरुद्ध कायदे झाले. १८९६ मध्ये कंपनीचे आकडेतज्ज्ञ फ्रेडरिक हॉफमन यांनी एक ग्रंथ लिहिला. कृष्णवर्णीय लवकर मरतात ते त्यांच्या वंशाच्याच दोषामुळे, आणि हा समाज हळूहळू नामशेष होणार, असा त्यांचा निष्कर्ष होता. तक्ते भरपूर असल्याने तो शास्त्रीय वाटला.

त्याला उत्तर दिलं कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. ड्यु बॉइस यांनी. त्यांनी फिलाडेल्फियाच्या सातव्या वॉर्डात घरोघर फिरून माहिती गोळा केली आणि १८९९ मध्ये ‘द फिलाडेल्फिया निग्रो’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. कोंदट घरं, दूषित पाणी, अंगमेहनतीची आणि कमी पगाराची कामं यांचा मृत्यूशी संबंध त्यांनी दाखवला. १९०६ मध्ये अटलांटा विद्यापीठातून त्यांनी कृष्णवर्णीयांच्या आरोग्यावर स्वतंत्र खंड काढला. आकडे तसेच होते, पण मोजणारा माणूस त्या वस्तीत राहिलेला होता, म्हणून त्यांचा अर्थ वेगळा निघाला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने या माणसाला सर्वेक्षणाचं काम दिलं, प्राध्यापकपद दिलं नाही. पुढे अटलांटातही पैशाची ओढाताण चालूच राहिली. संशोधक आहे, विषय आहे, पण पाठीशी संस्था नाही आणि गाठीला पैसा नाही, हे दुखणं तेव्हापासूनचं. हॉफमनच्या हिशेबात ज्यांचा समाज संपणार होता, ते ड्यु बॉइस स्वतः ९५ वर्षं जगले.

वार्धक्याचा प्रश्न म्हणून हा विषय पुढे आला तो १९६०च्या दशकात. सोशल सिक्युरिटी ही अमेरिकेतली निवृत्तिवेतनाची योजना १९३५ची. सुरुवातीला तिच्यातून शेतमजूर आणि घरकाम करणारे वगळले होते, आणि कृष्णवर्णीय कामगारांत त्यांचाच भरणा होता. १९६४ साली नॅशनल अर्बन लीग या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या संघटनेने ‘डबल जेपर्डी’ नावाचं प्रकाशन काढून वृद्ध कृष्णवर्णीयांवर वयाचा आणि वर्णाचा असा दुहेरी मार बसतो, हे मांडलं. १९७० मध्ये ‘नॅशनल कॉकस ऑन द ब्लॅक एज्ड’ ही संघटना उभी राहिली. ड्यूक विद्यापीठाच्या समाजशास्त्रज्ञ जॅकलिन जॉन्सन जॅक्सन तिच्यातल्या ठळक आवाजांपैकी एक. त्यांचा युक्तिवाद कुणालाही कळेल असा होता. १९७० साली कृष्णवर्णीय पुरुषाचं जन्मवेळचं सरासरी आयुर्मान होतं ६० वर्षं, आणि पूर्ण पेन्शन मिळायची ६५व्या वर्षी. म्हणजे आयुष्यभर वर्गणी भरायची आणि लाभ दुसऱ्याने घ्यायचा. या पुरुषांसाठी पेन्शनचं वय खाली आणा, अशी त्यांची मागणी होती. ती मान्य झाली नाही, पण १९७१च्या व्हाइट हाउस वार्धक्य परिषदेत अल्पसंख्याक वृद्धांचा विषय स्वतंत्रपणे घ्यावा लागला.

लगेच पुढच्या वर्षी टस्कीगीचं प्रकरण उघडकीस आलं. अलाबामातल्या टस्कीगी परिसरात, मेकन काउंटीत, १९३२ पासून सरकारी आरोग्यसेवा सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांचा ‘अभ्यास’ करत होती. त्यातल्या ३९९ जणांना सिफिलिस होता. त्यांना सांगितलं गेलं, तुमचं रक्त खराब आहे. गरम जेवण, दवाखान्यापर्यंत फुकट गाडी आणि अंत्यसंस्काराचा खर्च, एवढं देऊ केलं होतं. त्या बदल्यात मृत्यूनंतर शवचिकित्सेला परवानगी हवी होती. पेनिसिलिन सर्रास मिळू लागल्यावरही ते त्यांना दिलं गेलं नाही. रोग शेवटपर्यंत काय करतो ते बघायचं होतं. सरकारी नोकरीतल्या पीटर बक्स्टन यांनी आधी वरिष्ठांकडे तक्रारी केल्या, आणि त्या वाया गेल्यावर पत्रकारांना गाठलं. १९७२ मध्ये बातमी छापून आली आणि ४० वर्षं चाललेला प्रकार थांबला. पण पांढरा कोट घालून दारात येणाऱ्या माणसावरचा विश्वास उडाला तो उडालाच.

१९७४ मध्ये ‘नॅशनल इन्स्टिट्यूट ऑन एजिंग’ ही राष्ट्रीय वार्धक्य संस्था स्थापन झाली. पहिले संचालक रॉबर्ट बटलर. वृद्धांविषयीच्या दुजाभावाला ‘एजिझम’ हे नाव देणारे हेच. आता वार्धक्य संशोधनाला सरकारी घर मिळालं, पण त्या घरात येजा कुणाची, हा सवाल उरलाच. १९८५ मध्ये आरोग्यमंत्री मार्गारेट हेकलर यांच्या कार्यदलाने हिशेब मांडला की अल्पसंख्याकांचा मृत्युदर गोऱ्यांइतका असता, तर वर्षाला सुमारे ६०,००० मृत्यू कमी झाले असते. १९९३ मध्ये कायदाच झाला: सरकारी पैशाने होणाऱ्या वैद्यकीय संशोधनात स्त्रिया आणि अल्पसंख्याक असलेच पाहिजेत.

कायदा झाला, तरी माणसं काही कायद्याने येत नाहीत. ‘आम्ही बोलावलं, ते आले नाहीत’ ही संशोधकांची ठरलेली सबब. ते का येत नाहीत हे टस्कीगीनंतर वेगळं सांगायला नको होतं. १९९७ हे वर्ष म्हणूनच लक्षात ठेवण्यासारखं आहे. १६ मे १९९७ रोजी अध्यक्ष क्लिंटन यांनी व्हाइट हाउसमध्ये टस्कीगीतल्या पुरुषांची देशाच्या वतीने माफी मागितली. तेव्हा त्यांच्यापैकी आठ जण हयात होते, पाच समोर हजर होते, आणि त्यांच्या वतीने बोलले ते ९४ वर्षांचे हर्मन शॉ. त्याच वर्षी आरसीमार केंद्रं सुरू झाली.

सुरुवातीच्या केंद्रांपैकी मिशिगनचं केंद्र शहरी कृष्णवर्णीयांवर, सॅन फ्रान्सिस्कोचं विविध भाषक आणि वंशीय समाजांवर, तर कोलोरॅडोचं मूलनिवासी ज्येष्ठांवर काम करणारं. मिशिगनच्या केंद्रामागे मानसशास्त्रज्ञ जेम्स जॅक्सन होते. १९७९-८० मध्ये त्यांनी देशभरातल्या २,१०७ कृष्णवर्णीयांच्या मुलाखतींचं पहिलं प्रातिनिधिक सर्वेक्षण करून दाखवलं होतं. कोलोरॅडोच्या केंद्राचे स्पेरो मॅन्सन स्वतः चिपेवा जमातीतले.

या केंद्रांची रचना साधी आहे. अनुदान पाच वर्षांचं असतं आणि त्यातून तीन कामं चालतात. पहिलं, तरुण संशोधक निवडायचे, त्यांना छोट्या प्रायोगिक अभ्यासापुरता पैसा द्यायचा आणि ज्येष्ठ संशोधकाच्या हाताखाली ठेवायचं. दुसरं, मोजमापाची साधनं तपासायची. तिसरं, वस्तीशी नातं ठेवायचं.

तिसऱ्या कामाचा नमुना डेट्रॉइटमध्ये बघायला मिळतो. मिशिगन आणि वेन स्टेट या विद्यापीठांच्या भागीदारीतून तिथे ‘हेल्दियर ब्लॅक एल्डर्स सेंटर’ उभं राहिलं. ‘संशोधनासाठी आम्हाला विचारा’ असं स्वतः सांगणाऱ्या ५५ वर्षांवरच्या कृष्णवर्णीयांची यादी तिथे ठेवलेली असते. संशोधकाला ही यादी नुसती मागून मिळत नाही. प्रस्ताव घेऊन शहरातल्या ज्येष्ठांच्या सल्लागार मंडळापुढे जावं लागतं. काय विचारणार, किती वेळ घेणार, निष्कर्ष आम्हाला येऊन सांगणार का, असे प्रश्न तिथे होतात. शिवाय जेवणासह आरोग्यावरची व्याख्यानं होतात, आणि त्यांना येणाऱ्यावर अभ्यासात भाग घेण्याची सक्ती नसते. बाल्टिमोरमध्ये जी ओळख मित्रामित्रांत फुकट मिळाली होती, ती इथे जाणूनबुजून, पगारी माणसं नेमून जोडावी लागली.

दुसरं काम बाहेरून किरकोळ वाटतं, पण खरी मेख तिथेच आहे. स्मरणशक्तीच्या चाचण्यांत कृष्णवर्णीय ज्येष्ठांना गोऱ्यांपेक्षा कमी गुण पडतात, दोघांची शाळेची वर्षं सारखी असली तरी. यावरून कुणीही म्हणेल की त्यांचा मेंदू लवकर थकतो. कोलंबिया विद्यापीठाच्या जेनिफर मॅन्ली आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये हा समज तपासला. त्यांनी शाळेची वर्षं बाजूला ठेवली आणि ज्येष्ठांना शब्दांची यादी मोठ्याने वाचायला दिली, आधी सोपे शब्द, मग अवघड. वाचनाची ही पातळी हिशेबात घेतल्यावर दोन गटांतला फरक बऱ्याच अंशी ओसरला. कारण इतिहासात होतं. दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय मुलांच्या वेगळ्या शाळांना पैसा कमी मिळे आणि त्यांचं वर्ष आखूड असे. तिथली आठवी आणि गोऱ्या शाळेतली आठवी सारखी नव्हतीच. शाळेचा हा इतिहास विसरलं, तर निरोगी माणसाच्या माथी स्मृतिभ्रंशाचा शिक्का बसतो.

उरलं पहिलं काम, संशोधक घडवण्याचं. त्याची गरज किती, हे २०११ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकातल्या डोना गिंथर यांच्या लेखाने दाखवलं. शिक्षण, प्रशिक्षण, प्रकाशित लेख हे सगळं जमेस धरूनही, कृष्णवर्णीय संशोधकाला सरकारी आरोग्य संशोधनाचं अनुदान मिळण्याची शक्यता गोऱ्यांपेक्षा दहा टक्के-बिंदूंच्या घरात कमी होती. बुद्धी दोघांकडे सारखी असेल, पण अर्ज कसा लिहायचा, समितीला काय खटकतं, पहिला अर्ज नाकारल्यावर दुसरा कधी करायचा, हे पुस्तकात मिळत नाही. ते कुणीतरी शेजारी बसून सांगावं लागतं. केंद्रांनी हा शेजार पुरवला.

त्रुटीही होत्या. प्रायोगिक अभ्यास छोटे आणि मार्गदर्शक मोजके. ‘आशियाई’ या एका खणात चिनी, फिलिपिनो आणि भारतीय एकत्र कोंबले जात होते. २०१८ मध्ये न्यू जर्सीच्या रटगर्स विद्यापीठात आशियाई समाजांसाठी आरसीमार सुरू झालं. जवळच एडिसन आहे, जिथे मराठी कुटुंबांची वस्ती जुनी आहे. त्याआधी २०१० मध्ये सॅन फ्रान्सिस्को आणि शिकागो परिसरात ‘मसाला’ हा वेगळा अभ्यास ९०६ दक्षिण आशियाई स्त्रीपुरुषांना घेऊन सुरू झाला होता, हृदयविकारासाठी.

एक धागा थेट मुंबईपर्यंत येतो. देवनारच्या इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट फॉर पॉप्युलेशन सायन्सेसने चालवलेल्या ‘लासी’ या भारतीय वार्धक्य सर्वेक्षणाला भारत सरकारबरोबर अमेरिकेच्या त्याच वार्धक्य संस्थेचाही पैसा आहे. २०१७-१८च्या पहिल्या फेरीत ४५ वर्षांवरची ७२,००० हून अधिक माणसं त्यात आली. कधी शाळेत न गेलेल्या आजीची स्मृती कोणत्या चाचणीने तपासायची, हा प्रश्न तिथेही आला. त्यासाठी १९९०च्या दशकात हरियाणातल्या बल्लभगढच्या खेड्यांत निरक्षर वृद्धांसाठी तयार केलेली हिंदी चाचणी उपयोगी पडली. तिच्यामागे मेरी गांगुली आणि त्यांचे भारतीय व अमेरिकी सहकारी होते.

२०२५ मध्ये अमेरिकेत वारं फिरलं. ‘विविधते’शी संबंध जोडून आरोग्य संशोधनाची शेकडो अनुदानं नव्या सरकारने रद्द केली. जूनमध्ये बोस्टनच्या संघीय न्यायाधीशांनी हे बेकायदा ठरवलं, तर ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ती रद्द ठेवायला तूर्त मुभा दिली. अल्पसंख्याकांचा अभ्यास आणि नव्या संशोधकांचं प्रशिक्षण हे या कात्रीच्या तोंडी पहिले येणारे विषय.

सव्वाशे वर्षांच्या या कुळकथेत पैसा दर वेळी उशिरा आला आणि बहुधा एखाद्या बदनामीनंतर आला. तो दिला जातो पाच वर्षांच्या हप्त्याने, आणि वार्धक्याचा अभ्यास मागतो पंचवीस-तीस वर्षं. यादीतून एकदा निसटलेला ज्येष्ठ पुढच्या सरकारची वाट बघत थांबत नाही, आणि मार्गदर्शकाविना दुसऱ्या पेशात गेलेला संशोधक सहसा परतत नाही. म्हणून अशा केंद्रांना दान समजणं चूक आहे. आकडे खरे निघावेत यासाठीचा तो किमान खर्च आहे. ज्येष्ठांविषयीचा एखादा सरासरी आकडा वाचनात आला, मग तो बाल्टिमोरचा असो की बीडचा, तर आधी विचारावं: हे कोणी मोजलं, आणि त्याची ओळख कुणाकुणाशी होती?