कुंपण शेत खाते तेव्हा

फराळाच्या ताटाशी रोगाची कथा कशाला, असे कोणी विचारील. पण मी सांगणार आहे ती कथा रोगाची थोडी आणि माणसाच्या समजुतीची अधिक आहे.

शरीरात जंतू शिरले की रक्तात प्रतिपिंडे तयार होतात आणि शत्रूला हेरून धरतात, हे आपल्याला ठाऊक आहे. हीच प्रतिपिंडे घरच्यांवर उलटली तर? जर्मनीत पॉल एर्लिख याने बकऱ्यांना दुसऱ्या बकऱ्यांचे रक्त टोचून पाहिले. परक्या रक्तपेशी फोडणारी प्रतिपिंडे निर्माण झाली. स्वतःच्या पेशींना मात्र त्यांनी धक्का लावला नाही. १९०१ च्या सुमारास एर्लिखने सांगितले, की शरीराला आत्मघाताची धास्ती असते आणि तो टाळण्याची काही व्यवस्था त्यात असली पाहिजे. १९०८ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. मग ऐकणाऱ्यांनी ‘टाळले जाते’ याचा अर्थ ‘घडतच नाही’ असा करून टाकला. बाबा वाक्यं प्रमाणम् ही खोड काही आपल्याच देशाची नव्हे!

वास्तविक पुरावा १९०४ सालीच समोर आला होता. थंडी बाधली की काही रोग्यांना काळसर लघवी होई. व्हिएन्नात डोनाथ आणि लँडस्टायनर यांनी दाखवले, की अशा रोग्याच्या रक्तातले प्रतिपिंड थंडीत त्याच्याच तांबड्या पेशींना चिकटते आणि ऊब मिळताच त्या फुटतात. तरीही वैद्यकाने हा अपवाद मानून बाजूला सारला. १९५६ साली अमेरिकेत रोझ आणि विटेब्स्की यांनी सशांच्या, तर लंडनमध्ये रॉइट आणि डोनियाक यांनी माणसांच्या कंठग्रंथीविरुद्धची प्रतिपिंडे दाखवली, तेव्हा कुठे समजुतीची भिंत ढासळली. मध्ये अर्धे शतक निघून गेले होते.

आता रक्तवाहिन्यांकडे वळू. १९३६ साली वेगेनर या जर्मन डॉक्टराने एका भीषण दुखण्याचे वर्णन केले. नाक, फुप्फुसे आणि मूत्रपिंडे यांतल्या बारीक वाहिन्यांचा दाह होऊन त्या नासत. (त्याचा नाझी पक्षाशी असलेला संबंध उजेडात आल्यावर, २०११ साली रोगाचे नाव बदलण्यात आले.) १९५८ साली वॉल्टन याने छप्पन्न रोग्यांची हकीकत तपासली, शंभरातले ब्याऐंशी वर्षाच्या आत दगावले होते. पुढे स्टेरॉइड आणि सायक्लोफॉस्फामाइड या औषधांनी पुष्कळ जीव वाचू लागले. पण रोगाचे मूळ अंधारातच होते.

१९८२ साली ऑस्ट्रेलियातील डेव्हिस व सहकाऱ्यांना मूत्रपिंडाच्या आठ रोग्यांत पांढऱ्या पेशींविरुद्धची प्रतिपिंडे आढळली. १९८५ साली व्हॅन डर वूड आणि सहकाऱ्यांनी त्यांचा वेगेनरच्या रोगाशी संबंध जोडला. परीक्षा साधी होती. निरोगी माणसाच्या पांढऱ्या पेशी काचेवर पसरायच्या, त्यांवर रोग्याचे रक्तद्रव घालायचे आणि चमकणाऱ्या रंगाने प्रतिपिंडे कुठे चिकटली ते सूक्ष्मदर्शकातून पाहायचे.

घडते ते असे. न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी म्हणजे आपले पहारेकरी. जंतू मारण्याची जहाल द्रव्ये त्यांच्या पोटात बंद असतात. पेशी चाळवली की त्यांतली काही पृष्ठभागावर येतात. प्रतिपिंडे नेमकी त्यांना पकडतात. मग चवताळलेला पहारेकरी वाहिनीच्या भिंतीला चिकटून तिथेच आपले विष ओततो. २००२ साली अमेरिकेत अशी प्रतिपिंडे उंदरांना टोचली, तेव्हा त्यांच्या मूत्रपिंडांत तसाच दाह उठला. प्रतिपिंडे निव्वळ साक्षीदार नसून गुन्हेगार असू शकतात, हे सिद्ध झाले. प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशी ज्यांच्यापासून होतात, त्या पेशींनाच गाठणारे रिटुक्सिमॅब हे औषध २०११ साली अमेरिकेत या रोगासाठी मान्य झाले.

आज रक्ताच्या तपासणीतून बहुसंख्य रोग्यांत ही प्रतिपिंडे सापडतात आणि मूत्रपिंडे निकामी होण्याआधी धोका कळू शकतो. मला एर्लिखला दोष द्यावासा वाटत नाही. शरीरात आत्मघात टाळणारी व्यवस्था आहे, हे त्याचे म्हणणे खरेच ठरले. ती व्यवस्था बिघडते, एवढेच. कुंपणावर विश्वास टाकल्यावाचून शेती होत नाही. पण पीक नाहीसे होताना दिसले, की कुंपणाकडेही पाहावे.