लाटेचे कारण आणि माणसाचा गुन्हा

वर्धा जिल्ह्याला समुद्र नाही. तरीही २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर ‘हा अल्लाहचा अजाब आहे’ असे बोलणे आमच्या भागातही ऐकू आले. लाखो माणसे बुडाली आणि आपण कोरड्या जमिनीवर बसून त्यांच्या गुन्ह्यांचा हिशेब मांडू लागलो.

हा हिशेब जुना आहे, आणि त्यातले एक प्रकरण वर्ध्याशी जोडलेले आहे. ७ नोव्हेंबर १९३३ रोजी महात्मा गांधींनी आपला हरिजन दौरा वर्ध्याहून सुरू केला. दौरा चालू असतानाच १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये भीषण भूकंप झाला. ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे, असे गांधीजी म्हणाले. रवींद्रनाथ टागोरांनी त्याला जाहीर विरोध केला. निसर्गातील घटनेचे कारण निसर्गातच शोधले पाहिजे, हे त्यांचे म्हणणे. शिवाय हाच युक्तिवाद सनातनी मंडळी उलटवून गांधींवरच ढकलू शकतील, हेही त्यांनी दाखवले. गांधीजींचा मोठेपणा असा की, टागोरांचा आक्षेप त्यांनी ‘हरिजन’मध्ये छापला, मत मात्र बदलले नाही. या वादात आम्ही टागोरांच्या बाजूचे आहोत.

कारणे पाहू. २००४ मध्ये सुमात्राजवळ समुद्रतळाचा बाराशे किलोमीटरहून लांब पट्टा सरकला. १८८३ मध्ये क्राकाताऊ ज्वालामुखी फुटला, तेव्हा लाटांनी छत्तीस हजारांच्या आसपास माणसे नेली. आपल्या अरबी समुद्रातही हे घडले आहे. २८ नोव्हेंबर १९४५ च्या पहाटे मकरान किनाऱ्याजवळ भूकंप झाला. पसनी, ओरमारा ही गावे उद्ध्वस्त झाली.

परिणामांची तुलना केली की अजाबाचा युक्तिवाद टिकत नाही. आचे प्रांत आणि सिमेउलुए बेट, दोन्ही इंडोनेशियाचे, दोन्हीकडची वस्ती मुसलमानांची. भूकंपाच्या केंद्राला बेट अधिक जवळ. आचेत दीड लाखाहून अधिक माणसे गेली. बेटावरच्या सुमारे ७८ हजारांपैकी फक्त सात. बेटावर १९०७ मध्ये अशीच लाट आली होती. तिला तिथे ‘स्मोंग’ म्हणतात. जमीन जोरात हलली, समुद्र मागे सरला, की डोंगराकडे पळा, हे आजी-आजोबा नातवंडांना सांगत आले होते. लोक पळाले आणि वाचले. बेटावरचे लोक आचेवाल्यांपेक्षा अधिक परहेजगार होते, असे कोण म्हणेल?

आचेतल्या लांपुक गावची मशीद उभी राहिली, हा चमत्कार म्हणून सांगितला जातो. पण भक्कम खांबांच्या, मोकळ्या कमानींच्या इमारतीतून पाणी आरपार जाते. बंद भिंतींची घरे पडतात. त्याच आचेत कित्येक मशिदी पडल्यादेखील. त्यांचे काय? तामिळनाडूत वेलंकन्नीला नाताळसाठी आलेले शेकडो भाविक वाहून गेले. ते तर इबादतीसाठीच आले होते. आणि बुडून मरणाऱ्याला हदीसमध्ये शहिदांत गणले आहे, हे आपले वाइज त्या दिवसांत का विसरले?

जपानमध्ये २०११ साली भूकंपानंतर तीन मिनिटांत इशारा निघाला, तरी सुमारे अठरा हजार माणसे मेली किंवा बेपत्ता झाली. सुरुवातीचा अंदाज लाटेची उंची कमी सांगणारा होता, आणि कित्येकांचा समुद्रभिंतीवर भरवसा होता. म्हणजे यंत्रही पुरेसे नाही.

१९४५ मध्ये मकरानची लाट मुंबईला पोहोचायला पाच तासांच्या आसपास लागले. दोनेक मीटर उंचीची ती लाट पंधराएक जीव घेऊन गेली. पाच तास हाताशी होते, सांगणारे कोणी नव्हते. २००४ मध्ये तामिळनाडूला दोन-अडीच तास मिळाले. तेव्हाही सांगणारे कोणी नव्हते. हैदराबादचे इशारा केंद्र २००७ साली सुरू झाले.