रत्नागिरीची गोळी

आमच्या तोंडवलीत माणसाचं चित्त बिघडलं की आधी देवाला गाऱ्हाणं घालत, मग घाड्याकडे, गावच्या मांत्रिकाकडे जात, आणि शेवटी कुणीतरी दबक्या आवाजात म्हणे, ‘रत्नागिरीक न्हेवक होया.’ तिथलं मनोरुग्णालय १८८६ सालचं. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली वेगळा झाला, तरी या दुखण्याची आमची वाट तिकडचीच राहिली.

आजोबांचे धाकटे भाऊ मुंबईहून परतले ते असेच बिघडून. साल आजीला आठवत नसे. ‘मोठ्या वादळाच्या वर्सा’ म्हणायची. रात्री ते तळाशिलाकडे चालत सुटत. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला दर्या. म्हणून घरचे त्यांना पडवीतल्या खांबाला सुंभाने बांधत. बांधणारे काही दुष्ट नव्हते, त्यांना पाण्याची धास्ती होती. आजी मात्र हातातलं काम आटपलं की गाठ सोडी, उकड्या तांदळाची पेज पुढ्यात ठेवी, भाजलेल्या सुक्या बांगड्याचे काटे स्वतः काढून देई. ‘तो खुळो नाय, तेचा मन दुखणाईत आसा,’ म्हणे.

शेवटी रत्नागिरीला नेलं. तेव्हा १९१२ चा इंग्रजांचा कायदा होता, मॅजिस्ट्रेटच्या हुकुमाने भरती करण्याचा. कागदांचं घरात कुणाला धड आठवत नाही. एसटीत धाकले आजोबा सगळ्या वाटेवर आजीचा पदर धरून बसले होते, हे मात्र सगळे सांगतात. परतले ते गोळ्या घेऊन. हळूहळू जाळी विणू लागले. जाळ्याचे आस, म्हणजे भोकं, इतके सारखे, की रापणवाले त्यांच्याकडेच जाळं टाकत.

पुढे १९८२ चा राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला, १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा आला. ऑगस्ट २००१ मध्ये तामिळनाडूतल्या एरवाडीत आग लागली आणि साखळीला बांधलेली २८ मनोरुग्ण माणसं मेली. त्या रात्री आजी जेवली नाही. मानसिक आरोग्याचा २०१७ चा नवा कायदा मे २०१८ पासून लागू झाला. त्यानं साखळी बंद केली, आपल्या माणसांत राहून उपचार घेण्याचा हक्क दिला. तोवर आजी गेली होती. तिला तो वाचून दाखवायला हवा होता.

२०२२ पासून टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीत बोलता येतं. चुलतबहिणीनं तो नंबर भिंतीवर गॅसवाल्याच्या नंबराखाली लिहून ठेवलाय. फोनवर धीर मिळतो, आणि तोही मोठा. पण गोळी गावाजवळच, बारमाही मिळायला हवी. धाकल्या आजोबांचं पुन्हा बिघडलं ते ऐन आषाढात, गोळ्या संपल्या आणि पुरामुळे एसटी बंद होती तेव्हा.